शंका आणि हरकत

आमच्या कंपनीत दर शुक्रवारी दुपारी बैठक व्हायची आणि ती संपताना सर दोन प्रश्न विचारायचे. आधी, "शंका?" आणि मग, "हरकत?" शंका म्हणजे जे कळलं नसेल ते विचारा. हरकत म्हणजे हे काम असं करू नये असं वाटत असेल तर आत्ताच बोला. शंकेचं उत्तर सर तिथल्या तिथे देत आणि बैठक पुढे जाई. हरकत आली की मात्र काम थांबायचं. ती मिटेपर्यंत कुणी पुढची ओळ लिहायची नाही, असा सरांचाच नियम होता. परदेशातल्या नोकरीत त्यांनी तो पाहिला होता आणि पुण्यात येऊन मराठीत आणला होता.

मी तिथे होतो तोवर शंका पुष्कळ विचारल्या. हरकत एकदाही घेतली नाही. हे मी आज सांगतो आहे ते एवढ्यासाठी की, पुढे जे झालं ते या दोन शब्दांवरूनच झालं.

माझं शिक्षण विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी झालं. वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधायच्या कामावर होते. शाळेत धडा संपला की गुरुजी म्हणायचे, "कुणाला काही शंका?" मग बोट वर करून उभं राहायचं आणि विचारायचं. शंका विचारणारा मुलगा चांगला मुलगा. हरकत हा शब्द मात्र आमच्या घरात कुणी बोलत नसे. तो मी फक्त वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिशीत वाचला होता: सदर मिळकतीबाबत कोणाची हरकत असल्यास अमुक मुदतीत कळवावे. हरकत घेणारा म्हणजे जमिनीच्या वादातला, वकील केलेला माणूस, असंच माझ्या मनात बसलं होतं. शिकवणाऱ्या माणसासमोर कुणी हरकत घेतं, ही कल्पनाच मला नव्हती.

इंजिनिअरिंगला पुण्यात आलो. कॉलेज वाघोलीच्या बाजूला होतं, तेव्हा तिकडे शेतंच जास्त होती. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला मार्गदर्शक म्हणून सर बाहेरून यायचे. त्यांची छोटी कंपनी होती. माझ्या प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत मी इंग्रजीत अडकलो आणि गप्प उभा राहिलो, तेव्हा सर म्हणाले, "मराठीत सांग, यंत्राला भाषा कळत नाही." मी मराठीत सांगितलं. निकाल लागायच्या आधीच त्यांनी मला नोकरीवर घेतलं. माझ्या घरात मी पहिला पदवीधर आणि पगार देणारा पहिला माणूस हे सर. त्यांच्याविषयी मला काय वाटायचं, हे वेगळं सांगायला नको.

राहायला मी नारायण पेठेत कॉट बेसिसवर होतो. जिन्याखाली मालकांची पाटी होती: "जिना वाजवू नये. वाजल्यास आम्हाला जाग येते आणि जाग आल्यावर आम्ही बोलतो." तिथून सायकलने सरांच्या बंगल्यावर जायचो, कारण कंपनी बंगल्याच्या मागच्या बाजूला, वरच्या खोल्यांतच होती. काम सुरू व्हायच्या आधी सर मला इंग्रजी वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्याने वाचायला लावत. उच्चार चुकला की मान वर न करता म्हणत, "हा शब्द तुझ्या जिल्ह्यात तसा म्हणत असतील. इंग्लंडात असा म्हणतात." मला राग यायचा नाही. त्यांच्या हातात तेव्हा स्वतःचा चहा निवत असायचा, हे मला दिसत होतं. मला कावीळ झाली तेव्हा सरांच्या बायकोने मला त्यांच्या घरी ठेवून घेतलं आणि पथ्याचं जेवण स्वतः करून वाढलं.

ते दिवस म्हणजे सगळे बाहेर निघायचे दिवस. दोन हजार साल जवळ येत होतं आणि जुने प्रोग्रॅम दुरुस्त करायला माणसं विमानं भरभरून अमेरिकेला जात होती. माझ्या वर्गातले निम्मे गेले. मलाही विचारणा आली. मी गेलो नाही. सरकारने संरक्षणाची काही कामं आमच्यासारख्या लहान खाजगी कंपन्यांना देऊ केली होती आणि सरांना त्यातलं एक मिळालं होतं. वैमानिकांना शिकवण्यासाठी देशात एक नवं लष्करी विमान तयार होत होतं. त्याचा प्रोटोटाइप, म्हणजे पहिलंच घडवलेलं विमान, दक्षिणेतल्या एका शहरात चाचणीची उड्डाणं करत होतं. त्यातलं एक छोटं यंत्र आमचं. इंजिनाला जाणाऱ्या इंधनाचा दाब फार कमी झाला की वैमानिकाच्या कानात आवाज करायचा आणि समोर लाल दिवा लावायचा, एवढंच त्याचं काम.

त्या यंत्राला आम्ही ऑफिसात डबा म्हणायचो. सरांच्या खालोखाल जी बाई कंपनीत होती, तिला आम्ही सगळे ताई म्हणायचो. ती सकाळी विचारायची, "डबा आणलास का रे?" आणि मी "टेबलावर आहे" म्हटलं की, "तो नव्हे, पोटाचा. तो खाऊन कुणाचं भलं झालंय?" ताई हरकत घेणारी होती. तिने घेतलेल्या हरकतीमुळे एकदा महिनाभर काम अडून राहिलं होतं आणि सर तिच्याशी त्या महिन्यात कामापुरतंच बोलले होते. ती मला म्हणाली होती, "हरकत घ्यायची असेल तर आधी जेवून घ्यावं. नंतर घास उतरत नाही." मी हसलो होतो.

चाचणीचा वैमानिक आमच्याकडे मधूनमधून यायचा. उत्तरेकडचा माणूस, हवाई दलातला अधिकारी. तरुणपणी खडकवासल्याला शिकायला होता, आणि तिथल्या मेसमधल्या वाढप्यांकडून आणि धोब्याकडून मराठी शिकला होता. त्यामुळे त्याला 'तू' एवढंच माहीत होतं. 'तुम्ही' त्याच्या मराठीत नव्हतंच. तो सरांना म्हणायचा, "तू जेवला काय?" पुण्यात पंचवीस वर्षं ज्यांना 'आपण' शिवाय कुणी हाक मारली नाही ते सर म्हणायचे, "जेवलो. आपण?" तो म्हणायचा, "आपण पण जेवला." ताई फायलीत तोंड खुपसून हसायची.

त्याची आमच्या डब्याबद्दल एक तक्रार होती. "तुझा डबा फार रडते," तो मला म्हणाला. "मी विमान वळवला, रडली. खाली आणला, रडली. मी बघतो, दाब एकदम ठीक. मग मी तिला बोलतो, चूप बस."

त्याचं म्हणणं खरं होतं. विमान जोरात वळलं की टाकीतलं इंधन हलतं, दाब क्षणभर पडतो आणि लगेच परत येतो. त्यात धोका काही नाही. पण आमचा डबा त्या क्षणालाही ओरडायचा. खोटे इशारे इतके झाले की वैमानिक खऱ्याकडेही लक्ष देईनासा होईल, ही त्याची काळजी. तो सरांना म्हणाला, "रडायचं तर खरं रडायचं. मला बाहेर बघायचं असते."

सरांनी त्यावर उपाय काढला. दाब पडला की लगेच ओरडायचं नाही. डब्याने मनात मोजायला सुरुवात करायची. ठरवलेले काही सेकंद दाब सलग खालीच राहिला तर ओरडायचं. मधेच तो वर आला तर मोजणी पुसून टाकायची. सर म्हणाले, "आता रडेल ते खरंच दुखल्यावर." तो प्रोग्रॅम लिहायचं काम माझ्याकडे आलं.

लिहिताना माझ्या मनात एक गोष्ट आली. घरी आमच्या विहिरीवरचा पंप हवा धरायचा तेव्हा पाणी एकदम बंद होत नसे. भसकन यायचं, जायचं, परत यायचं, जायचं, आणि असं करत करत मग पंप बंद पडायचा. विमानाच्या पंपानेही तसंच केलं तर? दाब पडेल, आमची मोजणी सुरू होईल. ती पुरी व्हायच्या आत दाब क्षणभर वर येईल, मोजणी पुसली जाईल. पुन्हा पडेल, पुन्हा शून्यापासून मोजणी. इंजिन मरत असेल आणि आमचा डबा दर वेळी नव्याने एकपासून मोजत बसेल. तो कधीच ओरडणार नाही.

शुक्रवारच्या बैठकीत सरांनी विचारलं, "शंका?"

मी बोट वर केलं. खरोखर केलं, सवयच ती. म्हणालो, "सर, दाब खालीवर होत राहिला तर मोजणी दर वेळी पुसली जाईल. मग इशारा येणारच नाही. मोजणी पूर्ण पुसण्याऐवजी थोडी थोडी कमी केली तर?"

सर म्हणाले, "विहिरीवरचा पंप डोक्यात आहे ना तुझ्या?"

सगळे हसले. मी पण हसलो, कारण त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

"विमानाचा पंप असा नाचत नाही," सर म्हणाले. "तो चालतो किंवा पडतो. पडला की दाब खाली जातो आणि खालीच राहतो. मोजणी हळूहळू कमी करायला गेलास तर खोटे इशारे परत सुरू होतील आणि ते साहेब परत येऊन मला जेवलास का विचारतील. झालं शंकानिरसन?"

"सर, पण पंप नाचला तर?" मी म्हणालो.

"तर मी नाचेन. झालं?"

"हो सर."

मग त्यांनी विचारलं, "हरकत?" टेबलाभोवती एकदा पाहिलं. ताई त्या दिवशी नव्हती. माझ्याकडेही त्यांनी पाहिलं आणि मी खाली वहीकडे पाहिलं. जे सांगायचं ते मी सांगून झालं होतं, एकदा सोडून दोनदा. तीच गोष्ट हरकत म्हणून परत उच्चारणं म्हणजे शिकवणाऱ्या माणसाला तुम्ही खोटं बोलताय म्हणण्यासारखं मला वाटलं. शिवाय त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं, यावर माझा विश्वास होता. तो नुसता आदर नव्हता, त्यांच्या कामावरचा विश्वास होता.

त्यानंतर डबा गप्प झाला आणि वैमानिक खूश झाला. फोनवर म्हणाला, "आता शहाणी झाली."

विमान पडलं ते दुपारी. सर फोन घेऊन उभे होते, ते खुर्चीचा हात धरून बसले. "पायलट?" एवढंच त्यांनी विचारलं. पलीकडून उत्तर आल्यावर डोळे मिटले आणि आम्हाला म्हणाले, "जिवंत आहे." जमिनीलगत उडताना इंजिन बंद पडलं होतं. धावपट्टीपर्यंत पोचण्याएवढी उंची नव्हती. पुढे वस्ती होती, म्हणून त्याने विमान मोकळ्या माळाकडे वळवलं आणि मग उडी घेतली. वळवण्यात वेळ गेला, उडी फार खालून झाली, पाठीचा कणा दुखावला. सरांना मी हाताला धरून जिन्यावरून खाली घरात नेलं. त्या दिवशीचे सर मला आजही माझेच वाटतात.

वर्तमानपत्रांत लवकरच येऊ लागलं की वैमानिकाचं दुर्लक्ष झालं असावं. इंधनाच्या दाबाचा काटा त्याच्यासमोर होता, त्याने पाहिला नाही. ते वर्तमानपत्र हातात धरता येईल की नाही अशा अवस्थेत तो इस्पितळात पडला होता आणि लोक पुण्यात चहा पिताना म्हणत होते की आजकालची पोरं विमानंही मोटारसायकलसारखी चालवतात.

विमानात नोंद घेणारं यंत्र होतं. त्यातल्या दाबाच्या नोंदी अपघाताची चौकशी करणाऱ्यांनी तपासायला आमच्याकडे पाठवल्या. कॉम्प्युटरच्या पडद्यावर ती रेघ मी आणि ताईने पहिल्यांदा पाहिली. रेघ खाली जात होती, वर येत होती, खाली जात होती, वर येत होती. शेवटी खाली गेली ती राहिली. आमच्या डब्याने तोवर एकदाही मोजणी पुरी केली नव्हती. ताई म्हणाली, "हे तूच बोलला होतास ना? मला नंतर कुणीतरी सांगितलं, विहिरीचा विनोद म्हणून."

मी सरांना बोलावलं. त्यांनी बराच वेळ रेघ पाहिली. मला वाटलं, आता ते स्वतःच फोन उचलतील. काटा पाहण्याचा प्रश्न नव्हता. ज्याला बाहेर पाहून जमिनीलगत उडायचं आहे त्याच्यासाठीच इशारा असतो, आणि इशारा आला नाही, का आला नाही ते आम्हाला माहीत आहे. एवढं एक वाक्य सरांनी सांगितलं असतं तर त्या माणसावरचा ठपका उतरला असता. मी वाट पाहत होतो.

सर म्हणाले, "डब्याने मागणीप्रमाणे काम केलंय."

ताई म्हणाली, "सर."

"मागणी कुणाची होती? खोटे इशारे बंद करा, असं कोण म्हणत होतं? त्यांनी स्वतः म्हटलं होतं. या टेबलावर बसून."

"त्यांनी रडू नको म्हटलं होतं, सर," मी म्हणालो. "कसं मोजायचं ते आपण ठरवलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. "चौकशीची माणसं इथे येतील. तुला विचारलं तर खरं तेच सांगायचं. तू शंका विचारलीस, मी उत्तर दिलं, हरकत कुणी घेतली नाही. यात एक अक्षर खोटं आहे का?"

नव्हतं. ते गेल्यावर ताई माझ्या शेजारी बसून राहिली. "तुझा डबा खा," ती म्हणाली.

चौकशीची माणसं आमच्या बैठकीच्या खोलीतच बसली. दोन अधिकारी आणि एक वयस्क इंजिनिअर, तिघेही मराठी न समजणारे. ही पहिली माहिती घ्यायची भेट आहे, औपचारिक जबाब नंतर होतील, असं त्यांनी सांगितलं. माझी पाळी आली तेव्हा सर खोलीतच होते. मी इंग्रजीत सुरुवात केली आणि मधेच अडकलो. परीक्षेत अडकलो होतो तसाच. सर पुढे झुकले आणि त्या अधिकाऱ्यांना म्हणाले की याला मराठीत सोपं जातं, मी मदत करतो. अधिकाऱ्याने मान हलवली.

मी मराठीत सांगितलं. मला शंका होती की दाब असा खालीवर झाला तर इशारा येणार नाही, आणि नेमकं तसंच झालं.

सरांनी भाषांतर केलं. "ही हॅड अ क्वेरी. इट वॉज आन्सर्ड."

तेवढंच. माझ्या सगळ्या वाक्याचं तेवढंच झालं. शंका या शब्दात दोन्ही असतं. न कळलेलं विचारणं असतं आणि आत काहीतरी चुकतंय अशी भीतीही असते. सरांना मराठी उत्तम येत होतं. त्यातलं कोणतं उचलायचं ते त्यांनी उचललं आणि दुसरं माझ्यादेखत टाकून दिलं. ज्या माणसाने रोज सकाळी माझ्या तोंडून एकेक इंग्रजी शब्द घासून घेतला, त्याला माहीत होतं की क्वेरी म्हणजे काय हे मला कळतं. तरीही त्यांनी ते केलं, कारण मी गप्प बसेन याची त्यांना खात्री होती. इतकी वर्षं त्यांनी मला जे दिलं ते सगळं त्या खात्रीत होतं. रेघ पाहून त्यांनी सगळं वैमानिकाच्या मागणीवर ढकललं तेव्हाही मला एवढं लागलं नव्हतं.

अधिकारी पुढचा प्रश्न विचारणार होता. मी म्हणालो, "नो सर. नॉट क्वेरी."

"देन?"

मला शब्द सापडेना. सर माझ्याकडे पाहत नव्हते, पेनचं टोपण लावत होते. शेवटी मला जे येत होतं तेच म्हणालो. "आय वॉज अफ्रेड, सर. दिस ओन्ली. आय वॉज अफ्रेड ऑफ दिस ओन्ली."

वयस्क इंजिनिअरने चष्मा काढला आणि मला कागदावर रेघ काढून दाखव म्हणाला. मी काढली. खाली, वर, खाली, वर. त्याला भाषांतराची गरज पडली नाही.

ते गेल्यावर सर दारापाशी थांबले. म्हणाले, "आपण दमला असाल. जेवून जा. घरी स्वयंपाक झालेला आहे."

इतक्या वर्षांत त्यांनी मला आपण म्हटलं नव्हतं. अरे, बाळ, गाढवा, एवढंच म्हटलं होतं. मी म्हणालो, "नको सर, येतो." मी जिना उतरलो तेव्हा सरांच्या बायको खिडकीतून म्हणाल्या, "अरे, पान वाढलंय तुझं." त्यांना काही माहीत नव्हतं. मी हात हलवून सायकल काढली.

महिन्याच्या शेवटी मी नोकरी सोडली. एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत लगेच लागलो, परदेशी बँकांची कामं करणाऱ्या, काचेच्या इमारतीत. तिथे मला जेवलास का असं कुणी विचारत नसे. वडिलांना एसटीडी बूथवरून फोन केला.

"सरायशी भांडण झालं काय?" वडील म्हणाले.

"नाही बाबा."

"मंग कायले सोडलं? त्यायनं तुले पायावर उभं केलं. इथं लोकायले मी सांगतो, माह्या पोराले असा माणूस भेटला म्हणून."

"पगार जास्त आहे बाबा."

"पगारासाठी सोडलं," ते म्हणाले, आणि त्या आवाजात मी सरांना फसवलं असं होतं. मी तो समज दुरुस्त केला नाही. ज्या माणसाबद्दल ते गावात अभिमानाने सांगत होते, तो मी त्यांच्याकडून काढून घेऊ शकलो नाही. माझ्याकडून मात्र तो गेला होता.

काही महिन्यांनी वैमानिकाला उपचारासाठी पुण्याच्या लष्करी इस्पितळात आणलं. ताईने कळवलं. ती अजून तिथेच होती. म्हणाली, "मी हरकत घेऊन घेऊन म्हातारी होणार. तू जा भेटायला." मी गेलो. त्याच्या कमरेला पट्टा होता आणि तो व्हरांड्यात खुर्चीत सरळ बसला होता, शाळेतल्या फोटोत बसतात तसा.

"तू डबावाला," तो म्हणाला. "बस."

मी संत्री नेली होती. तो सोलत बसला आणि मी काय बोलावं ते शोधत बसलो. त्यानेच विचारलं. "एक सांग. मी बोललो रडू नको, म्हणून नाही रडली?"

तो इतके दिवस एवढाच प्रश्न घेऊन पडला होता, हे मला त्याच्या आवाजावरून कळलं.

"नाही," मी म्हणालो. "तुम्ही खोटं रडू नको म्हणालात. ते बरोबर होतं. मोजायची पद्धत आमची होती. ती चुकली. मी ती चुकेल असं म्हटलं होतं, पण ते मानलं गेलं नाही."

"हे तू तिथे बोलला? त्या लोकांसमोर?"

"हो."

"तुझा सर समोर होता?"

"भाषांतर तेच करत होते."

तो हसायला लागला आणि पाठ दुखली म्हणून थांबला. "माझा पण आहे एक," तो म्हणाला. "माझं भाषांतर करणारा. त्याने मला उडायला शिकवला. चौकशीत तो पण बसला होता." मग बराच वेळ संत्र्याच्या फोडींवरच्या शिरा काढत राहिला. "निकाल आला. पंप खराब. इशारा आला नाही, ते पण लिहिला. तुझी रेघ पण आहे त्यात. आणि शेवटी त्यानेच लिहिला, वैमानिकाने काट्याकडे जास्त लक्ष द्यायला पाहिजे होतं."

"म्हणजे?"

"म्हणजे अर्धा माझा. चाचणीच्या विमानात आता मला नाही बसवणार." त्याने एक फोड माझ्या हातावर ठेवली. "पाठीमुळे नाही बसवला असता तर चाललं असतं. डॉक्टर बोलते, पाठ बरी होईल."

मला त्याची माफी मागायची होती, पण कुणाच्या वतीने ते कळेना. सरांच्या वतीने मागण्याचा हक्क आता मला नव्हता. मी तसं म्हटलंही. अर्धंमुर्धं, अडखळत.

"त्याच्यासाठी तू कशाला बोलते," तो म्हणाला. "त्याला तोंड आहे."

आतून व्यायाम करून घेणाऱ्या बाईने त्याला हाक मारली. त्याने खुर्चीचे दोन्ही हात धरले आणि माझ्याकडे पाहिलं. मी उठून त्याच्या बगलेखाली हात घातला. तो उभा राहिला, थोडा वेळ माझ्यावर भार टाकून तसाच थांबला. "हळू," तो म्हणाला. "घाई नाही." आणि आम्ही व्हरांड्याच्या त्या टोकापर्यंत चालत गेलो.